पन्नास तासांविषयी

चि. मृणाल हिस,


तुझी प्रॅक्टिस सुरू झाल्याचं दादाने कळवलं. ऊर भरून आला. पण परवान्याच्या नूतनीकरणाचं विचारलं तर ‘बघू नंतर’ म्हणालीस, ते मला पटलं नाही. कॅलिफोर्नियात तुम्हा पोडियाट्रिस्टना, म्हणजे पायाच्या डॉक्टरांना, दर 2 वर्षांनी मान्यताप्राप्त शिक्षणाचे 50 तास दाखवावे लागतात. इथे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, तरी मुदत संपत आली की मिळेल त्या कॉन्फरन्सला धावणारे डॉक्टर मी पाहते. पॉइंट जमतात, पेशंटच्या पदरात काही पडत नाही.

तू वेगळं कर. ज्या पेशंटपाशी अडलीस, त्याची वहीत नोंद ठेव आणि कोर्स त्या नोंदींवरून निवड. समज, एखादा मधुमेही लाल, गरम, सुजलेला पाय घेऊन आला. जखम कुठेच नाही, दुखणंही बेताचं, एक्स-रे नॉर्मल. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक लिहून द्यायला हात शिवशिवतो. तो शार्को फूट निघाला तर? पायाची संवेदनाच गेलेली, त्यामुळे माणूस चालत राहतो. आतली हाडं मोडतात, सांधे सरकतात, तळव्याची कमान खाली बसते. मग तिथे जखम होते आणि पुढे पाय कापण्यापर्यंत पाळी येते. दोन्ही पायांचं तापमान ताडून पाहिलं, शंका येताच गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून भार काढला, तर हे बहुतेक वेळा टळतं. 2023 साली मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने शार्कोवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. तुझे पहिले तास तिथे घाल.

तुमच्याकडे तासांखेरीज सक्षमतेचा पुरावाही लागतो. गेल्या 10 वर्षांत पूर्ण केलेली रेसिडेन्सी त्यासाठी चालते, म्हणून तू निर्धास्त आहेस. तरी स्पेशालिटी बोर्डाच्या परीक्षेची तयारी आताच धर. ऑपरेशन थिएटर आणि अभ्यास दोन्ही अंगवळणी आहेत तोवरच ते सोपं जातं.

प्रमाणपत्रं मात्र हातात पडतील त्याच दिवशी फाइलला लाव. तास पूर्ण केल्याचं तू सहीनिशी लिहून देतेस, आणि परवाना देणारं बोर्ड पडताळणीसाठी कागद मागू शकतं.

दिवाळीला येशील तेव्हा पायाची संवेदना तपासायचं मोनोफिलामेंट घेऊन ये. दादाची साखर वर-खाली होते आणि मला तो पायाला हात लावू देत नाही. तुझं ऐकेल.

तुझी,
आत्या