टेबल सरळच होते

कला शाखेच्या विद्यार्थ्याने घर्षणावर लेख लिहावा हे वाचून विज्ञान शाखेतले माझे मित्र हसणार, हे मला ठाऊक आहे. पण हा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या मानगुटीवर बसला आहे. एका काळ्या चेंडूने मला सामना हरवला आणि त्यापायी एका भल्या माणसावर मी खोटा आळ घेतला. तो आळ कसा खोटा होता हे नीट मांडायचे, तर पूलच्या खेळातील 'थ्रो' समजावून सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या महाविद्यालयामागच्या गल्लीत एक पूलगृह आहे. तेथील टेबल क्रमांक दोनवर आमचा दुसऱ्या एका महाविद्यालयाशी सामना चालला होता. माझे सगळे चेंडू गेले होते, फक्त काळा उरला होता. कोपऱ्यातील पॉकेटपासून तो सुमारे मीटरभर दूर होता आणि पांढरा त्याच्यापासून फूट-दीड फुटावर. काप डावीकडे, म्हणजे काळ्याच्या उजव्या अंगाला मारायचे. पांढरा पुढे धावून पलीकडच्या पॉकेटात पडू नये म्हणून मी मध्याच्या किंचित खाली, जीव मुठीत धरून, हळूच मारले. काळा चेंडू पॉकेटच्या उजव्या ओठावर आपटून परत आला. प्रतिस्पर्ध्याने पुढच्याच खेळीत डाव संपवला.

हरलेल्या माणसाला कारण लागते. "टेबल उजवीकडे उतरते आहे," असे मी सर्वांदेखत मोठ्याने म्हणालो. त्या टेबलाची पातळी आठवड्यापूर्वीच तिथल्या वृद्ध मार्करकाकांनी लावली होती. मालकांनी त्यांना चारचौघांत बोल लावले आणि त्यांच्या पगारातून काही रक्कम कापली. काका काहीच बोलले नाहीत. ते गप्प राहिले हे मला त्या दिवशी कबुलीजबाबासारखे वाटले, याची आता लाज वाटते.

पंधरवड्यानंतर तोच फटका मी पुन्हा पुन्हा मारीत होतो आणि पुन्हा पुन्हा चुकत होतो. काका फडक्याने चेंडू पुसत उभे होते. ते एवढेच म्हणाले, "दादा, एकदा उलट्या बाजूने मारून बघा."

मी आरशातल्यासारखी मांडणी केली. आता काप उजवीकडे. टेबलाला उजवीकडे उतार असता तर या वेळीही चेंडू उजवीकडेच जायला हवा होता. तो गेला डावीकडे! तर्कशास्त्राच्या तासाला अन्वय आणि व्यतिरेक या पद्धती घोकल्या होत्या, पण त्या टेबलावर लावून पाहण्याची बुद्धी मला झाली नव्हती. दोन्ही वेळा चेंडू कमी कापला गेला होता, इतकेच दोन्ही चुकांत समान होते. शिवाय उताराने जाणारा चेंडू वेग मंदावेल तसा वळत जातो. हा तर सुरुवातीपासून सरळ रेषेत, पण चुकीच्या रेषेत चालला होता.

आता मूळ मुद्दा. आपण सारे कॅरमवर वाढलेले. नेम धरायचा तो भूमितीने. रंगीत चेंडू जिकडे पाठवायचा ती रेषा मनात मागे वाढवायची, त्या रेषेवर त्याला टेकून एक अदृश्य पांढरा चेंडू आहे असे समजायचे आणि खरा पांढरा नेमका तिथे नेऊन ठेवायचा. दोन्ही केंद्रांना जोडणारी रेषा पॉकेटकडे पाहत असेल, तर चेंडू पॉकेटात गेलाच पाहिजे. चेंडू पूर्णपणे गुळगुळीत असते तर ही भूमिती अचूक ठरली असती. ते तसे नसतात. स्पर्शाच्या त्या अत्यल्प क्षणात पांढरा रंगीत चेंडूला केवळ ढकलत नाही, त्याच्या अंगावरून घासतही जातो. डावीकडे काप मारताना पांढऱ्याचा पृष्ठभाग उजवीकडे घासतो, म्हणून रंगीत चेंडूही थोडा उजवीकडे ओढला जातो. या ओढीलाच खेळाडू 'थ्रो' म्हणतात.

ही ओढ किती असते? पांढऱ्याचे केंद्र रंगीत चेंडूच्या कडेवर रोखले, म्हणजे ज्याला हाफ बॉल म्हणतात तसा फटका मारला, तर कापाचा कोन ३० अंश होतो. अशा संथ फटक्यात ओढ सुमारे ३ ते ५ अंश पडते. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ४ अंशांची चूक मीटरभर अंतरावर ७ सेंटीमीटर होते. आमच्या टेबलाच्या कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड मी पट्टीने मोजले, ते साडेअकरा सेंटीमीटर भरले. चेंडूचा व्यास ५७ मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम २.९ सेंटीमीटरची सवलत. ७ सेंटीमीटर चुकलेल्या चेंडूला वाचवणे टेबलाच्या हातात नव्हते.

मला सर्वांत चमत्कारिक वाटले ते हे की सावधपणे मारलेला फटकाच जास्त चुकतो. घासण्याचा वेग वाढला की दोन चेंडूंमधील घर्षण कमी होत जाते, म्हणून जोरात मारलेल्या चेंडूला ओढ कमी लागते. हळू मारला की ती वाढते. दुसरे असे, की पांढऱ्याला पुढची किंवा मागची फिरकी असेल तर घर्षण काही अंशी वर-खाली घासण्यात वाटले जाते आणि आडव्या दिशेला त्याचा हिस्सा कमी येतो. फिरकी मुळीच नसलेला, नुसता घसरत येऊन थडकणारा पांढरा सगळे घर्षण आडवे वापरतो. मी त्या दिवशी हळू मारले आणि तेही मध्याच्या किंचित खाली, म्हणजे थडकताना पांढऱ्याला फिरकी नसावी अशा बेताने. ओढ जास्तीत जास्त कशी मिळवावी याचा तो वस्तुपाठच होता!

अर्थात ओढीला मर्यादा आहे. स्पर्श संपण्याआधी दोन्ही पृष्ठभागांचे एकमेकांवर घासणे थांबले, तर रंगीत चेंडूला आडव्या वेगाचा सातवा हिस्सा मिळतो, त्याहून जास्त नाही. त्यामुळे जवळजवळ सरळ फटक्यात ओढ नगण्य असते.

उपाय दोन. एक म्हणजे हिशेब धरून थोडे अधिक बारीक कापणे. दुसरा म्हणजे साइड देणे. डावीकडे कापताना पांढऱ्याला उजवी साइड द्यावी. तेव्हा त्याचा पुढचा भाग डावीकडे फिरत असतो, आणि तो नेमक्या वेगाने फिरला तर दोन चेंडू दातेरी चाकांसारखे एकमेकांवर न घासता सुटतात. हाफ बॉलसाठी ही साइड देता येण्याजोग्या जास्तीत जास्त साइडच्या सुमारे ४० टक्के लागते. त्याहून अधिक दिली तर ओढ उलट दिशेला लागते. मला विचाराल तर नवशिक्याने पहिलाच उपाय धरावा. साइड दिली की पांढरा स्वतःच्या रेषेवरूनही किंचित सरकतो, आणि एक चूक सुधारताना दुसरी पदरात पडते.

काकांनी मला दोन चेंडू एकमेकांना चिकटवून दाखवले. दोघांची रेषा थेट पॉकेटच्या मध्यावर. मागच्या चेंडूच्या डाव्या अंगाला मारले, तर पुढचा सरळ न जाता उजवीकडे गेला. मग त्यांनी बोट ओले करून चेंडूंच्या स्पर्शबिंदूवर टेकवले आणि तोच फटका मारला. या वेळी पुढचा जवळजवळ सरळ गेला. उलट स्पर्शाच्या जागी खडूचा डाग असेल तर ओढ एकदम वाढते. स्नूकरचे खेळाडू पंचांना चेंडू पुसायला सांगतात ते उगीच नव्हे.

हे ज्ञान नवे नाही. गास्पार कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला. वारे उजवी-डावीकडे का वळतात हे शिकताना भूगोलाचे विद्यार्थी ज्याचे नाव घेतात, तोच हा कोरिओलिस. आणि आपल्याकडे तरी हा खेळ परका कुठे आहे? स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असे मानतात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले आणि १९६४ साली पुन्हा मिळवले. काकांच्या खोलीत जोन्स यांचे वर्तमानपत्रातून कापलेले एक छायाचित्र लावलेले आहे.

मी मालकांना टेबलाशी बोलावून दोन्ही बाजूंचे फटके मारून दाखवले आणि चूक माझी होती असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, हसले, "बरं बरं" म्हणाले. कापलेले पैसे परत मिळाले का, हे काकांनी आपणहून सांगितले नाही, आणि विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. मी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "ते राहू द्या, आधी तो चेंडू पुसून घ्या."

तो फटका आता मी दहापैकी सहा-सात वेळा घालतो. उरलेल्या तीन-चार वेळा चेंडू डाव्या ओठावर आपटतो, कारण हिशेब धरायच्या नादात मी जरा जास्तच बारीक कापतो.