पत्ता हरवलेले माजी विद्यार्थी

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात माजी विद्यार्थी संघ आहे, पण मेळाव्याला दरवर्षी तेच चेहरे दिसतात. बाकीच्यांपर्यंत बातम्या कशा पोचवाव्यात? – एक प्राध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : मॅडम, तुमची अडचण मेळाव्याची नाही, यादीची आहे. नोकरी लागली की मुलांचा नंबर बदलतो आणि कॉलेजने दिलेला ईमेल बहुधा बंद पडतो. म्हणून शेवटच्या वर्षाचा परीक्षा अर्ज भरतानाच खासगी ईमेल, मूळ गाव आणि संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे संमती नुसती औपचारिकता राहिलेली नाही. जुन्यांसाठी प्रत्येक बॅचचा एक खटपट्या शोधा. तो प्रत्येक वर्गात असतोच.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण सगळ्यांना लिहू दिलंत तर सुप्रभातच्या फुलांखाली तुमची बातमी गाडली जाईल. लिहिण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनला ठेवा.

आता मजकूर. उद्घाटनाचे, हारतुऱ्यांचे फोटो कोणी पाहत नाही (प्राचार्यांना हे सांगणं तुमच्यावर सोपवतो). कोणते सर निवृत्त होताहेत, मेसचे मामा कसे आहेत, जुन्या प्रयोगशाळेचं काय झालं, हे मात्र लोक वाचतात. पहिल्याच पत्रात देणगी मागू नका. मेळावा दिवाळीच्या सुट्टीत ठेवा, मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हा गावी असतात.

आणि संघाची नोंदणी झाली नसेल तर करून घ्या. नॅकच्या मूल्यांकनात त्याची विचारणा होते.