डाग गेला, धोका गेला का?

मैत्रिणींनो, मिशरीने, पानाने दातांवर काळे डाग बसतात. दातांच्या दवाखान्यात ते ‘एअर पॉलिशिंग’ने काढता येतात. हवा, पाणी आणि बारीक पावडर यांचा फवारा दातांवर मारतात. डाग आणि मऊ थर निघून जातो. कडक झालेलं किटण मात्र त्याने निघत नाही, त्याला स्केलिंगच लागतं.

पावडर बऱ्याचदा खाण्याच्या सोड्याची असते. जिला मीठ कमी खायला सांगितलंय किंवा दमा आहे, तिने डॉक्टरांना आधीच सांगावं.

पण लक्षात ठेवा, मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात पांढरे झाले तरी कॅन्सरचा धोका राहतोच. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर लगेच दाखवा. पुढच्या बैठकीत विचारूया: मिशरी कोण कोण सोडतंय?