व्हिडिओ गेम, मुले आणि घराची शिस्त

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका आज दोन काळांत एकाच वेळी नांदत आहे. एकीकडे १९२१ च्या सत्याग्रहाची आठवण जागविणारा मुळशी धरणाचा जलाशय आणि ताम्हिणी घाटाकडे चढत जाणारी भातखाचरे आहेत. तर दुसरीकडे हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि त्याच्या भोवताली माण, मारुंजी या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या उंच इमारती आहेत. धरणाकाठच्या वाडीतील घर आणि हिंजवडीच्या इमारतीतील घर यांच्या राहणीत मोठे अंतर आहे. मात्र दिवेलागणीच्या वेळी दोन्हीकडे एकच दृश्य दिसू शकते. घरातले मूल मोबाइलवरील खेळात मान खाली घालून गढलेले असते आणि त्याला हाक मारून थकलेले वडीलधारे स्वतःही आपापल्या मोबाइलमध्ये पाहत असतात. या दृश्याच्या उत्तरार्धाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच प्रामुख्याने विचार करावयाचा आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवरून सुरू झाले. जे साधन मुलांपासून दूर ठेवावे असे पालकांना वाटत होते, तेच पाठ्यपुस्तकाच्या जागी त्यांना मुलांच्या हाती द्यावे लागले. पुढे शाळा उघडल्या, परंतु अनेक घरांत मुलाच्या हातातील मोबाइल परत आला नाही. म्हणून आजच्या परिस्थितीचा सर्व दोष मुलांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

खेळाचे बदललेले स्वरूप

व्हिडिओ गेम ही काही कालपरवाची वस्तू नव्हे. ‘पाँग’ हा खेळ अमेरिकेत १९७२ मध्ये आला आणि त्यानंतर दुकानांतून नाणे टाकून खेळावयाची यंत्रे लोकप्रिय झाली. त्या खेळांना एक स्वाभाविक मर्यादा होती. खिशातील नाणी संपली की मूल घरी परतत असे. आजच्या अनेक खेळांना अशी मर्यादा उरलेली नाही. हे खेळ फुकट मिळतात, रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांना शेवट नसतो. रोज हजेरी लावल्यास बक्षीस मिळते, एक दिवस चुकल्यास मिळालेली मालिका तुटते. कोणत्या पेटीतून काय निघेल हे आधी कळत नाही, त्यामुळे आणखी एकदा पाहण्याची ओढ लागते. खेळाडू जितका वेळ गुंतून राहील तितका खेळ बनविणाऱ्याचा लाभ, या हिशेबानेच पुष्कळशी रचना केलेली असते. विटीदांडूचा डाव अंधार पडला की आपोआप मोडत असे. या खेळाला अंधाराची अडचणच नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. अनेक लोकप्रिय खेळ चमू करून खेळले जातात आणि चालू सामना मध्येच थांबविता येत नाही. मूल उठले तर चमू अडचणीत येतो, मित्र रागावतात. नेमक्या अशा वेळी पालकांनी मोबाइल हिसकावून घेतला, तर मूल आक्रस्ताळेपणा करते. पालकांना तो उद्धटपणा वाटतो. मुलाच्या दृष्टीने मात्र भर मैदानातून त्याला ओढून आणलेले असते. दोघांच्या या गैरसमजातून घरातील निम्मी भांडणे उद्भवतात, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरू नये.

वर्तनावर होणारा परिणाम

खेळणारे प्रत्येक मूल बिघडते, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग विकार’ या नावाची नोंद केली असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. त्यासाठी तीन लक्षणे सांगितली आहेत: खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा व आवडींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसत असूनही खेळणे चालू राहणे. त्यामुळे अभ्यास, कुटुंब व मित्र यांच्याशी असलेला संबंध बराच बिघडलेला असावा आणि ही अवस्था सर्वसाधारणपणे बारा महिने टिकलेली असावी, असा निकष आहे. सुटीत चार दिवस जास्त खेळणारे मूल या व्याख्येत बसत नाही.

हिंसक खेळांविषयीही असाच समतोल विचार हवा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेनुसार अशा खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा स्वरूपाच्या आक्रमक वर्तनाशी अल्प परंतु निश्चित संबंध आढळतो. गंभीर हिंसाचाराशी तो जोडण्याइतका पुरावा मात्र उपलब्ध नाही. याउलट, रोज दिसणारे परिणाम साधे वाटले तरी दूरगामी असतात. उशिरापर्यंतच्या जागरणाने झोप मोडते, सकाळी वर्गात लक्ष लागत नाही, जेवणाची वेळ चुकते, मैदानावरचे मित्र दुरावतात आणि लपवाछपवीची सवय जडते.

काही वेळा याहून गंभीर इशाराही मिळतो. जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यापासून जवळच असलेल्या पिंपरी-चिंचवडमधील किवळे भागात एका शाळकरी मुलाने जीवन संपविले. त्यामागे ऑनलाइन खेळाचा संबंध असावा, असा संशय त्या वेळी व्यक्त झाला. अशा घटनेचे कारण क्वचितच एकटे असते. म्हणून केवळ खेळाला दोष देऊन मोकळे होणे योग्य नव्हे. परंतु मूल एकलकोंडे झाले, चिडचिडे झाले किंवा निराशेचे बोलू लागले, तर त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकून घेणे आणि विनाविलंब तज्ज्ञांचा सल्ला घेणे हे पालकांचे कर्तव्य आहे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून याच कामी उपलब्ध झाला आहे.

बंदी की शिस्त?

बंदी घातली की प्रश्न सुटेल, असे पुष्कळांना वाटते. अनुभव तसा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘पबजी मोबाइल’सह ११८ अॅपवर बंदी घातली, २०२१ मध्ये भारतासाठी तयार केलेली त्याच खेळाची आवृत्ती दुसऱ्या नावाने आली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना आळा घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, तो आवश्यकच होता. परंतु पैसे न लावता रात्री दोनपर्यंत खेळणाऱ्या मुलाला झोपविणे कायद्याच्या आवाक्यातील काम नव्हे.

आपल्या राज्यातील दोन गावांनी २०२२ मध्ये या प्रश्नाला हात घातला. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळा मार्ग धरला. साथीनंतर शाळेत परतलेली मुले वाचन-लेखनात मागे पडली असून मोबाइलमध्ये रमतात, हे तेथील शिक्षकांच्या ध्यानी आले होते. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासास बसावे, असे ठरले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना ही गोष्ट पटवून दिली.

बान्सीच्या ठरावामागील कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु अनुकरणासाठी निवड करावयाची झाल्यास वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो. तेथील नियम केवळ मुलांसाठी नव्हता. आईची मालिका आणि वडिलांचा मोबाइल यांनाही तोच भोंगा लागू होता. जो नियम वडीलधारे स्वतः पाळतात, तोच मुलांना अन्याय वाटत नाही.

पालकांनी काय करावे

मूल कोणता खेळ खेळते, कोणाबरोबर खेळते आणि त्यात पैसे लागतात का, हे एकदा शेजारी बसून पाहावे. खेळण्यापूर्वीच सामन्यांची संख्या ठरवावी. ‘अर्धा तास’ म्हणण्यापेक्षा ‘दोन सामने’ असे ठरले तर ते पाळणे मुलाला सोपे जाते. दुसरा सामना संपण्याच्या सुमारास आठवण करावी, मध्येच हिसकावू नये. रात्री घरातील सर्वांचे मोबाइल, मोठ्यांचेही, झोपण्याच्या खोलीबाहेर एका जागी ठेवावेत. पैसे भरण्याचा गुप्त क्रमांक मुलांना सांगू नये. तान्ह्या मुलाला भरविताना मोबाइल दाखविण्याची सवय लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास हीच पडद्याची मर्यादा सांगितली असून त्याहून कमी असल्यास अधिक चांगले, असे म्हटले आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत

मूल खेळ सोडून करील काय, या प्रश्नाचे उत्तर एकटे घर देऊ शकत नाही. जेथे शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, तेथे मुलांचे अंगणही त्यांखाली गेले. म्हणून शाळेचे मैदान सायंकाळी खुले ठेवणे, तालमीची डागडुजी करणे, वाचनालयात मुलांसाठी दिवा व बैठक यांची सोय करणे ही कामे ग्रामपंचायतींनी विकासकामे म्हणूनच हाती घ्यावीत. शिक्षकांनी पालकसभेत गुणांबरोबरच मुलांच्या झोपेची व खेळण्याची चौकशी करावी. हिंजवडीसारख्या ठिकाणी आईवडील दोघेही कामावरून उशिरा परततात. तेथे गृहसंस्थांनी एकत्र येऊन मुलांच्या सायंकाळची व्यवस्था लावावी.

प्रत्येक गावात भोंगाच बसविला पाहिजे, असे नाही. मुळशीच्या एखाद्या वाडीत देवळातील सांजआरतीची घंटाही ते काम करू शकेल. मात्र ती घंटा झाल्यावर पहिला मोबाइल घरातील कर्त्या माणसाने खाली ठेवावयाचा आहे. मुले मग फार काळ मागे राहणार नाहीत.