दुपारचा शोरमा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याला शोरमा बाधला. क्लास सुटल्यावर पोरं फूड कोर्टात जेवली. पहाटे उलट्या, जुलाब, सणसणून ताप. सलाईन लावावं लागलं. तो सावरला. पण मे 2024 मध्ये मानखुर्दला 19 वर्षांचा तरुण चिकन शोरमा खाऊन दगावला होता. मे 2022 मध्ये केरळात, कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरला 16 वर्षांची मुलगी गेली; तिथे शिगेला जंतू सापडला. दर वेळी तरणी पोरंच जातात, याने जीव तुटतो.

नंतर मी भर दुपारी त्या काउंटरसमोर उभं राहून सगळं नीट पाहिलं. उभ्या सळईवर चिकनचे थर दाबून बसवलेले असतात. आच लागते ती फक्त बाहेरच्या थराला. तो भाजला की कापायचा, मग आतला भाजू द्यायचा. पद्धतीत खोट नाही, पण तिला सवड लागते. दीडच्या गर्दीत ती कुठून मिळणार? ऑर्डरी साचल्या की सुरी खोल जाते आणि कडेने गुलाबी असलेले तुकडे ट्रेमध्ये पडतात. गर्दी असेल तिथला माल ताजा, हा आपला हिशेब वडापावला ठीक आहे. शोरमाला तो लावू नका.

दुसरी गोष्ट शोरमातलं मेयोनीज. ते कच्च्या अंड्याचं असेल तर त्यात साल्मोनेला असू शकतो, आणि मेयोनीज आचेवर कधीच जात नाही. केरळने जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. जंतू 5 ते 60 अंशांच्या दरम्यान भराभर वाढतात; आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. मेयोनीजची बाटली फ्रीजमधून निघते की बर्नरशेजारीच उभी आहे, एवढं तरी बघाच.

पोरांना मी सांगतो, कापलेलं चिकन तव्यावर परतून मागा. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत. चिकन आतपर्यंत 74 अंश तापायला हवं. गुलाबी दिसलं तर सरळ परत करा. काउंटरवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का, तेही पाहा. पार्सल संध्याकाळसाठी ठेवू नका. केरळात पाकिटावर ‘तासाभरात खा’ असं छापणं बंधनकारक आहे. काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

त्रास सुरू झालाच तर ओआरएस घोट घोट द्या. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका, दवाखाना गाठा. आणि बिल जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना ठिकाण, तारीख, वेळ सगळं त्यावरूनच सांगता येतं. सोबत कोण कोण जेवलं आणि कुणाला त्रास झाला, तेही लिहून द्या.