पट्टा-करवत : निवड आणि उभारणी

घरालगतच्या पडवीत किंवा परसातील शेडमध्ये सुतारकाम करणारा कारागीर आज केवळ हातकरवत आणि रंधा यांवर अवलंबून राहिलेला नाही. दरवाजाच्या चौकटी, खिडक्या, पलंग, देव्हारे, शेतीची अवजारे या सर्व कामांत लाकूड चिरण्याचा वेळच सर्वांत मोठा असतो. हा वेळ वाचावा म्हणून अनेकजण मोठी पट्टा-करवत, म्हणजेच बाजारात ज्याला ‘बँड सॉ’ म्हणतात ते यंत्र, घेण्याचा विचार करतात. त्यासाठी बहुधा कर्ज काढावे लागते. यंत्राची निवड चुकली तर कर्ज फिटत नाही, आणि उभारणी चुकली तर हाताची बोटे गमवावी लागतात. म्हणून या यंत्राची निवड व उभारणी यांचा विचार क्रमाक्रमाने करणे अगत्याचे आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, कार्यानुभव शिकविणारे शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्याकडे कारागीर सल्ल्यासाठी येतात. त्यांनाही या माहितीचा उपयोग व्हावा.

यंत्राची रचना

दोन मोठ्या चाकांवरून दातेरी पोलादी पट्टी अखंड फिरत राहते, हे या यंत्राचे मूळ तत्त्व होय. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच या कल्पनेचे एकस्व घेतले होते. परंतु पट्टीची दोन टोके टिकाऊपणे जोडण्याची कला अवगत नसल्याने यंत्र प्रचारात आले नाही. फ्रान्समधील ॲन पोलिन क्रेपाँ या महिलेने १८४६ साली जोडणीची पद्धती सिद्ध केली आणि मगच हे यंत्र कारखान्यांत शिरले. आजही पट्टीचा सांधा हाच यंत्राचा सर्वांत नाजूक भाग आहे, हे लक्षात ठेवावे.

खालचे चाक मोटरने फिरते. वरचे चाक पट्टीबरोबर फिरते. त्याला वर-खाली सरकवून ताण देता येतो आणि किंचित झुकवून पट्टी मध्यावर राखता येते. मेजाच्या वर व खाली पट्टीला आधार देणारे मार्गदर्शक असतात. पट्टी मेजावर वरून खाली उतरते, त्यामुळे लाकूड मेजावर दाबले जाते. गोल करवतीप्रमाणे ते कारागिराच्या अंगावर फेकले जाण्याचा धोका येथे कमी असतो. मात्र कमी म्हणजे मुळीच नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये.

परवान्याचा प्रश्न प्रथम

यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात जाणे आवश्यक आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ अन्वये इमारती लाकडाच्या वाहतुकीचे व लाकूड चिरणाऱ्या गिरण्यांचे नियमन राज्य शासनाला करता येते. टी. एन. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर लाकूड गिरण्यांवरील नियंत्रण देशभर कडक झाले. केंद्र शासनाने २०१६ साली लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या व त्यांत नंतर दुरुस्त्याही झाल्या. त्या सूचनांत चिरलेले लाकूड, प्लायवूड, वेत, बांबू असा वैध मार्गाने मिळालेला कच्चा माल वापरणाऱ्या लहान उद्योगांना परवान्यातून सूट दिली आहे. परंतु ती देताना त्यांच्याकडे पट्टा-करवत नसावी, अशी अट घातली आहे.

याचा अर्थ असा की, जो सुतार काल परवान्याविना आपला व्यवसाय रीतसर करीत होता, तोच पट्टा-करवत बसविल्यावर निराळ्या वर्गात मोडू शकतो. ‘मी ओंडके चिरत नाही, केवळ फळ्याच चिरतो’ एवढे तोंडी सांगणे पुरेसे ठरत नाही. यासाठी चाकाचा व्यास, मोटरची अश्वशक्ती, जागेचा पत्ता आणि कामाचे स्वरूप नमूद करून वनाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा व लेखी उत्तर घ्यावे. उत्तर हाती येण्यापूर्वी विक्रेत्याला विसार देऊ नये. उत्तर नकारार्थी आले, तर चिराईचे काम परवानाधारक गिरणीतून करून घेणे हाच मार्ग श्रेयस्कर होय. यंत्र सीलबंद होऊन पडले तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. लाकूड खरेदीच्या पावत्या व वाहतूक परवाने एका फाईलीत लावून ठेवण्याची सवयही आरंभापासूनच लावावी.

केवढे यंत्र घ्यावे?

पट्टा-करवतीचे माप चाकाच्या व्यासावरून सांगतात. बाजारात १८, २४, ३० व ३६ इंच ही मापे रूढ आहेत. पट्टी व खांब यांच्यामधून जाणाऱ्या फळीची रुंदी चाकाच्या व्यासाहून काहीशी कमी असते. मेजापासून वरच्या मार्गदर्शकापर्यंतची कमाल उंची ही चिरता येणाऱ्या लाकडाची जाडी होय. यंत्राची निवड करताना या दोन मापांबरोबर आपण वर्षभरात प्रत्यक्ष चिरतो त्या लाकडाची मापे पडताळून पाहावीत. एखाद्या वेळी येणाऱ्या मोठ्या तुळईसाठी मोठे यंत्र घेणे हे लग्नकार्यासाठी कायमचा मांडव घालण्यासारखे आहे.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखे नाजूक काम करणाऱ्यास मोठ्या यंत्राची गरज नाही. उलट, सागाच्या वा बाभळीच्या जाड चौकटी नित्य चिरणाऱ्यास १८ इंची यंत्र अपुरे पडते. घरालगतच्या सर्वसाधारण सुतारशाळेस २४ इंची यंत्र व सुमारे ३ अश्वशक्तीची मोटर पुरेशी होते. ३० इंची यंत्रास सुमारे ५ अश्वशक्ती लागते. ३६ इंच व त्याहून मोठी यंत्रे मुख्यतः गिरणीच्या कामाची होत.

जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घाई करू नये. पट्टी काढून दोन्ही चाके हाताने फिरवावीत. चाक डुलते काय, बेअरिंग खरखरते काय, हे पाहावे. चाकाची कड धरून हलविली असता झोल जाणवता कामा नये. बिडाच्या चाकावर लाकडी हातोडीने हलका ठोका मारला असता स्पष्ट नाद उमटावा; बद्द आवाज आल्यास तडा असण्याचा संभव असतो. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून वापरणे प्राणघातक होय. चाकावरील रबरी धाव झिजलेली असेल तर ती बदलता येते. चाकांची झाकणे नसतील, तर ती बनविण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच सौदा करावा.

जागा, पाया आणि वीज

यंत्राची जागा ठरविताना यंत्राचा आकार नव्हे, तर लाकडाची लांबी विचारात घ्यावी. ३ मीटर लांबीची फळी चिरावयाची असेल तर पट्टीच्या पुढे ३ मीटर आणि मागेही ३ मीटर जागा मोकळी हवी. जाण्यायेण्याची वाट यंत्राच्या बाजूने, विशेषतः चाकांच्या रेषेत, ठेवू नये. घरातील लहान मुलांचा वावर असलेल्या अंगणापासून ही जागा भिंतीने व कडीच्या दाराने वेगळी करावी.

पाया निर्मात्याच्या नकाशाप्रमाणे काँक्रीटचा घालावा. नांगर-बोल्ट आधीच साच्याने बरोबर अंतरावर बसवावेत आणि काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी द्यावे. यंत्र ठेवल्यावर मेजावर पाणसळ आणि खांबास ओळंबा लावून पातळी साधावी. उंचसखल भागात पोलादी पट्ट्या सरकवाव्यात व नंतरच बोल्ट आवळावेत. पाया भक्कम नसेल तर कंपामुळे पट्टी वारंवार तुटते आणि दोष मात्र पट्टीला दिला जातो.

या यंत्रासाठी त्रिकला वीजजोडणी हवी. घरगुती जोडणीवर ते चालविणे सुरक्षितही नाही व नियमास धरूनही नाही. महावितरणकडे योग्य प्रवर्गातील जोडणीसाठी अर्ज करावा आणि परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून काम करून घ्यावे. अर्थिंग ही भारतीय मानक ३०४३ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने करावी. स्टार्टर असा असावा की, वीज गेल्यावर तो आपोआप सुटेल आणि वीज परत आल्यावर बटन दाबल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. भारनियमनाच्या अनुभवातून गेलेल्या आपल्या गावांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. वीज गेली म्हणून पट्टीत अडकलेले लाकूड हाताने सोडविणाऱ्या माणसावर, वीज येताच यंत्र सुरू झाले, तर काय ओढवेल याची कल्पना करावी.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. त्रिकला जोडणीतील दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. खांबावर किंवा रोहित्रावर दुरुस्ती झाल्यानंतर असे घडू शकते. म्हणून अशा दुरुस्तीनंतर लाकूड लावण्यापूर्वी यंत्र क्षणभर सुरू करून पट्टी खालीच उतरते आहे, याची खात्री करून घ्यावी.

पट्टीची निवड

दोन्ही चाके समान असतील तर पट्टीची लांबी काढणे सोपे आहे. चाकाच्या व्यासास ३.१४१६ ने गुणावे आणि त्यात दोन चाकांच्या मध्यांमधील अंतराची दुप्पट मिळवावी. समजा, व्यास ६०० मिलिमीटर व मध्यांतर १,२०० मिलिमीटर आहे. तर १,८८५ अधिक २,४०० म्हणजे ४,२८५ मिलिमीटर लांबीची पट्टी लागेल. मोजताना वरचे चाक त्याच्या सरकण्याच्या टप्प्याच्या मध्यावर ठेवावे, म्हणजे पुढे ताण देण्यास व पट्टी काढण्यास वाव राहतो.

पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या सुमारे एक सहस्रांश असावी. ६०० मिलिमीटरच्या चाकावर ०.६ मिलिमीटर जाडीची पट्टी चालते; त्याहून जाड पट्टी वळणावर वाकून वाकून चिरते व तुटते. सरळ चिराईस रुंद पट्टी, वळणाच्या कामास अरुंद पट्टी, हा सामान्य नियम होय. १२ मिलिमीटर रुंदीची पट्टी सुमारे ६५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते, तर ६ मिलिमीटरची पट्टी सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते. कोणत्याही क्षणी निदान तीन दाते लाकडात असावेत. मात्र जाड लाकूड उभे चिरताना इंचाला दोन-तीन दाते असलेली पट्टीच योग्य, कारण दात्यांमधील खाचेत भुसा मावला पाहिजे. सागात सिलिकेचा अंश असल्याने पट्टी लवकर बोथट होते. जुन्या वाड्याच्या तुळया चिरण्यापूर्वी त्यांतील खिळे शोधून काढावेत.

जुळवणीचा क्रम

जुळवणी करताना मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे. पुढील क्रम पाळल्यास चूक होत नाही.

१. मार्गदर्शक पट्टीपासून दूर सरकवावेत. पट्टी दाते खाली व कारागिराकडे येतील अशी चढवावी.

२. ताण द्यावा. मेज व वरचा मार्गदर्शक यांत १५० मिलिमीटर अंतर ठेवून पट्टीच्या सपाट बाजूस बोटाने बेताने दाबावे. पट्टी सुमारे ६ मिलिमीटर सरकली तर ताण साधारणपणे ठीक समजावा.

३. वरचे चाक हाताने फिरवीत त्याचा झुकाव असा जुळवावा की पट्टी धावेवर एकाच जागी राहील. निर्मात्याने पट्टीचे स्थान सांगितले असेल तर ते पाळावे.

४. बाजूचे मार्गदर्शक पट्टीपासून कागदाच्या जाडीइतके दूर आणि दात्यांच्या खाचेच्या मागे ठेवावेत. ते दात्यांना लागले तर दात्यांचा वळसा मोडतो. मागचे बेअरिंग सुमारे अर्धा मिलिमीटर मागे असावे. लाकूड नसताना ते फिरता कामा नये.

५. गुण्या लावून मेज पट्टीशी काटकोनात आहे काय, ते पाहावे.

६. झाकणे लावून, कुलूप काढून यंत्र काही मिनिटे रिकामे चालवावे. नंतर टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मारून ती हाताने अर्ध्यापर्यंत चिरावी व थांबावे. फळीचा जो कल आला असेल, त्याच कलाने मार्गपट्टी बसवावी. ‘यंत्र वाकडे चिरते’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्याने मिटते. न मिटल्यास पट्टी बोथट झाली आहे काय, ते तपासावे.

दिवसाचे काम संपल्यावर ताण सैल करून ठेवावा. त्यामुळे पट्टी व धाव दोन्ही अधिक टिकतात.

सुरक्षितता

६०० मिलिमीटरचे चाक मिनिटाला ७०० फेरे घेत असेल तर पट्टीचा वेग मिनिटाला सुमारे १,३२० मीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर होतो. हात मागे घेण्यास पाव सेकंद लागला, तरी तेवढ्यात साडेपाच मीटर पट्टी बोटावरून जाते. आपल्या उदाहरणातील संपूर्ण पट्टीहून ही लांबी अधिक आहे. तेव्हा ‘माझा हात चपळ आहे’ या भरवशावर कोणी राहू नये.

वरचा मार्गदर्शक लाकडाच्या पृष्ठभागापासून ६ ते १० मिलिमीटरवर आणावा, म्हणजे उघडी पट्टी कमीत कमी राहते. अखेरचा भाग ढकलकाठीने पुढे सारावा. गोल लाकूड इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खोबणीत बसविल्याशिवाय चिरू नये. ते पट्टीखाली गरकन फिरते व हात ओढून नेते. यंत्र चालू असता हातमोजे, उपरणे, सैल बाह्या वर्ज्य समजाव्यात. पट्टी तुटल्याचा आवाज आला तर स्विच बंद करून दूर व्हावे व चाके पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडावे. अठरा वर्षांखालील मुलास, मग तो घरचा असो की शिकाऊ असो, या यंत्रावर उभे करू नये.

लाकडाचा भुसा निरुपद्रवी नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना मानवास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. धूळ खेचणारा पंखा यंत्रालाच जोडावा, योग्य मुखपट्टी वापरावी आणि खालच्या चाकाच्या पेटीतील भुसा रोज काढावा. साचलेला भुसा आगीलाही आमंत्रण देतो.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. त्याच वेळी कारागीर कोणते यंत्र घेऊ इच्छितो, वन विभागाचे उत्तर त्याच्याकडे आहे काय, त्रिकला जोडणी मिळणार आहे काय, एवढे तीन प्रश्न सदस्यांनी विचारले तरी पुढचे पुष्कळ नुकसान टळेल.

शिक्षकांनीही कार्यानुभवाच्या तासाला पट्टीची लांबी व वेग यांचे गणित घालावे. सुताराच्या घरातील मुलगा ते गणित घरी नेईल आणि वडिलांच्या यंत्राचे झाकण उघडे का नसावे, हे त्याला आकड्यांनी पटलेले असेल. पट्टा-करवत कारागिराचे श्रम खरोखरच हलके करते. परवाना, पाया, वीज, जुळवणी आणि झाकण या पाच गोष्टी जेथे सांभाळल्या जातात, तेथे ती कारागिराला वर्षानुवर्षे साथ देते.