हौशी रंगभूमीचे नेपथ्य : लाकूड, कापड आणि बिजागऱ्या

रंगवलेल्या पडद्यांवर राजवाडे आणि अरण्ये दाखविण्याची मराठी रंगभूमीची परंपरा दीर्घकाळ चालली. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणले आणि तीन बाजूंनी भिंती असलेली खरीखुरी वाटणारी खोली प्रेक्षकांसमोर उभी राहिली. तेव्हापासून नेपथ्य हे चित्रकाराइतकेच सुताराचेही काम झाले. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेमुळे हे काम गावोगावच्या हौशी संस्थांच्या हाती आले.

वसई-विरार परिसरातील शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सव आणि नाताळ यांच्या निमित्ताने होणारे नाट्यप्रयोग बहुधा पटांगणात किंवा साध्या सभागृहात होतात. नेपथ्य टेम्पोतून न्यावयाचे, थोड्या वेळात उभारावयाचे आणि रात्रीच उतरवावयाचे, अशी येथील गरज असते. त्यात समुद्राची खारी हवा लोखंडाला गंज चढविते. अशा ठिकाणी नेपथ्य हलके, जोडण्यास सोपे आणि मुख्य म्हणजे सुरक्षित असले पाहिजे.

चौकट कशी करावी?

नेपथ्याचा मूळ घटक म्हणजे फ्लॅट. ८ फूट उंच व ४ फूट रुंद फ्लॅटसाठी २ इंच रुंद व १ इंच जाड अशा सरळ, गाठी नसलेल्या पट्ट्या घ्याव्यात. दोन उभ्या व तीन आडव्या पट्ट्यांची चौकट सुमारे ५ किलो भरते. तेवढ्याच आकाराचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड सुमारे ३० किलोचा होतो. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही समान, म्हणजे सुमारे ८ फूट ११ इंच, आले की काम बरोबर झाले असे समजावे.

कोपऱ्यांवर मागून पातळ प्लायवूडचे त्रिकोणी तुकडे बसवावेत. ते बाहेरच्या कडेपासून १ इंच आत ठेवावेत, म्हणजे दुसरा फ्लॅट काटकोनात टेकविताना मध्ये अडथळा येत नाही. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, कारण उपसलेल्या खिळ्याची जागा ढिली होते. आधी गिरमिटाने बारीक छिद्र पाडल्यास लाकूड फाटत नाही. स्क्रू सहज फिरावा म्हणून साबण लावण्याची सवय मात्र टाळावी. साबण ओल धरतो आणि गंज वाढवितो. त्याऐवजी मेण वापरावे. स्क्रू व बिजागऱ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात.

दोन फ्लॅट जोडण्यासाठी सुट्या पिनेच्या बिजागऱ्या उत्तम. पिन काढली की फ्लॅट क्षणात वेगळे होतात. प्रत्येक पिन दोरीने चौकटीला बांधून ठेवावी, म्हणजे ती हरवत नाही. फ्लॅटच्या मागे क्रमांक घातल्यास अंधारातही गोंधळ होत नाही.

कापड आणि आग

चौकटीवर मांजरपाट ताणावा. प्रथम लांब कडांच्या मध्यभागी चिकटवून मग कोपऱ्यांकडे जावे. कापड फार घट्ट ओढू नये. सरस व खडूच्या पुडीचा पातळ हात दिला की ते आपोआप आकसते, आणि आधीच ताणलेले असल्यास चौकट वाकते.

कोरडे कापड झपाट्याने पेट घेते. म्हणून ते चौकटीवर चढविण्यापूर्वी १०० भाग पाण्यात ७ भाग टाकणखार व ३ भाग बोरिक आम्ल विरघळवून त्यात भिजवावे आणि वाळवावे. त्यामुळे आग पसरण्यास अटकाव होतो. एक चिंधी मोकळ्या जागेत, पाणी जवळ ठेवून, पेटवून पाहावी. कापड धुतल्यास हा संस्कार पुन्हा करावा लागतो. तापणारे दिवे मात्र कापडापासून दूरच असावेत.

वारा आणि आधार

उघड्या पटांगणात खरा धोका वाऱ्याचा. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा ८ × ४ फुटांच्या फ्लॅटवर सुमारे २५ किलो वजनाइतका दाब देतो, आणि कापडाच्या हलक्या फ्लॅटला स्वतःचे असे वजन नसतेच. मागे लावलेल्या तिरक्या टेकूचा पाय फ्लॅटपासून ४ फूट दूर असेल, तर मागून येणारा असा वारा थोपविण्यास टेकूच्या पायाशी सुमारे २५ किलोची वाळूची गोणी जेमतेम पुरते. म्हणून तेथे ५० किलो ठेवावे. टेकूचे अंतर निम्मे केल्यास वजन दुप्पट लागते, हे विसरू नये. समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी फ्लॅटच्या तळपट्टीवरही तेवढेच वजन हवे. वारा याहून वाढल्यास प्रयोग थांबवून फ्लॅट आडवे करणे हेच शहाणपणाचे.

पडदा उघडण्यापूर्वी एका जबाबदार व्यक्तीने प्रत्येक पिन, टेकू आणि गोणी हाताने तपासावी. प्रेक्षकांना भिंत दिसते. तिच्या मागचा टेकू दिसत नाही. पण त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या मुलाची सुरक्षितता त्या टेकूवरच अवलंबून असते.